पश्चिमेकडच्या खोलीचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. मस्कतजवळ वादी अदाईत एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या भिंतीवर, टीव्हीच्या बरोबर वर मी टांगलेला असतो. मला सोनेरी चौकट आहे, वर काच आहे. घरात पाहुणे आले की त्यांना आधी खजूर आणि कहवा देतात आणि मग मला दाखवतात. मान वर करून ते म्हणतात, "वा! केवढं जुनं!" जुनेपणाबद्दल माझे इतके कौतुक होते, की मी कशासाठी जन्माला आलो हे विचारायचे सगळ्यांच्या डोक्यातून निघूनच जाते. म्हणून ते आज मीच तुम्हाला सांगतो.

मी एका शेतकऱ्याचे मृत्युपत्र आहे. त्या घरात मला वसियतनामा म्हणत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात हारून नावाचा शेतकरी होता. इंग्रजांच्या राणीचे राज्य होते तेव्हाची ही गोष्ट. माझ्या डोक्यावर त्या राणीच्या मुखवट्याचा छाप अजून दिसतो. हारूनजवळ भाताची जमीन होती, नारळाची लहानशी बाग होती आणि कौलारू घर होते. लिहिता-वाचता त्याला येत नव्हते. त्याने गावच्या कुलकर्ण्याला ओट्यावर बसवले, स्वतः खाली बसला आणि एकेक वाक्य सांगत गेला. बोरूने, काजळाच्या शाईने, मोडी अक्षरांत मी लिहिला गेलो. दोन मुलांना जमीन कशी वाटायची ते त्याने चटकन सांगितले. मग तो थांबला. कुलकर्णी म्हणाला, "झालं?" हारून म्हणाला, "अजून खरं ते राहिलंय."

खरे ते असे होते. हारूनची एक बहीण विधवा होऊन माहेरी आली होती. ती दिवसभर भात कांडायची, शेण काढायची, आणि जेवायच्या वेळी चुलीपाशी जाऊन भावजयीच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. भावजय म्हणजे हारूनचीच बायको, हवाबी. हवाबी भाकरी द्यायची, नाही असे नाही. पण मागितल्यावर द्यायची. हारूनने ते रोज पाहिले आणि रोज मुकाट्याने जेवला. बहीण गेली तेव्हा त्याला स्वतःची लेक दिसू लागली.

म्हणून त्याने लिहवले: "आमचे घराण्यातील जी लेक नवरा मेला म्हणोन अगर टाकिली म्हणोन माघारी येईल, तीस पश्चिमेकडील खोली, खोलीत तिची वेगळी चूल, बावीचे पाणी व कुंपणाकडील चार माड. तिने कोणाचे तव्यावरील भाकरी मागून खाऊ नये. ही खोली कोणी विकू नये, गहाण टाकू नये. जो हे मोडील, त्याणे माझे कबरीवर फातिहा पढू नये."

हे शेवटचे वाक्य ऐकून कुलकर्ण्याचा हात थांबला होता म्हणतात. गावात रमजान लागायच्या आधी प्रत्येक घरचे पुरुष कबरस्तानात जातात, आपल्या माणसांच्या कबरींपाशी उभे राहून हात उचलतात, फातिहा पढतात. ती प्रार्थना मेलेल्याला पोहोचते अशी त्यांची श्रद्धा. मरणाऱ्या माणसाने आपल्याच मुलाबाळांना ती नको म्हणायची, याहून कडक काय लिहिणार? पण हारून म्हणाला, "लिव्ह. दुसऱ्या कशाला कोणी भ्यायचं नाय."

खाली सह्या झाल्या. सह्या म्हणजे चित्रेच. ज्याला अक्षर येत नसे, तो शेतकरी नांगर काढायचा. हारूनने नांगर काढला. काझींनी सांगितले, वारसाला वेगळे काही द्यायचे तर बाकीच्या वारसांची मंजुरी पाहिजे, तीही बाप गेल्यावर. म्हणून दफनानंतर दोन्ही मुलांनी आपापला नांगर काढला. लेक अमीरुन्निसा तेव्हा लहान होती. तिने एक गोल काढला. तो गोल म्हणजे बांगडी, बायकांची निशाणी. जरासा वाकडा आहे. माझ्या अंगावर सगळ्यात सुंदर काय असेल, तर ती वाकडी बांगडी.

मग मला गुंडाळून कळकाच्या नळीत घातले आणि माजघराच्या आढ्याला खोचले. शंभरावर वर्षे मी त्या अंधारात काढली. मला कोणी दाखवत नव्हते, कोणी वाचत नव्हते, आणि तरीही मी कामावर होतो. अमीरुन्निसाचा नवरा गलबतावर तांडेल होता. तो समुद्रात गेला तो गेलाच. ती मागे आली आणि पश्चिमेकडच्या खोलीत म्हातारी झाली. एकदा तिच्या भाच्याची बायको कुरकुरली, "एवढी खोली अडवून बसल्येत आत्या. भात कुठं ठेवायचं?" भाच्याने नुसती शिडी आणून आढ्याला लावली. माझ्यापर्यंत त्याचा हात पोहोचायच्या आत ती बाई म्हणाली, "नको, नको. राहू दे." भात पडवीत ठेवले गेले. तिच्यानंतरही त्या खोलीत लेकी येऊन राहिल्या. कोणाच्या तव्याकडे कोणाला बघावे लागले नाही.

मित्रांनो, माझे चांगले दिवस ते. आता पुढचे ऐका.

हारूनच्या वंशातला सादिक ओमानला आला. मस्कतच्या गाला भागात गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात लागला आणि वर चढत गेला. मायबाप वारले तेव्हा तो गावी गेला आणि नळीसकट मला इथे घेऊन आला. एकोणीसशे चौऱ्याण्णव साल असावे. निघण्याआधी रत्नागिरीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून त्याने माझी मोडी वाचून घेतली, देवनागरीत नक्कल करून घेतली आणि इथे आल्यावर रुवीच्या बाजारातल्या दुकानात माझी फ्रेम केली. वर मी, खाली नक्कल. मला वाटले, आता मला सगळे वाचतील. आता माझे काम सोपे झाले.

केवढी माझी चूक! आढ्यातल्या कागदाची लोकांना जरब होती. भिंतीवरच्या कागदाची शोभा झाली.

सादिकची धाकटी बहीण गुलबानू ओमानच्याच दक्षिण टोकाकडच्या सलालाहला दिलेली होती. तिचा नवरा तौहीद तिथे बंदरावर कारकून होता. ती रत्नागिरीच्या कॉलेजात बी.ए. झालेली, हसरी, जरा भिडस्त. एका ईदेला ती नवऱ्याबरोबर इकडे आली. शीरखुर्मा झाला आणि सादिकने टेबलावर कागद पसरले.

"गुलू, इथं एक सही. आणि इथं एक."

"कसलं आहे, भाई?"

"कुलमुखत्यारपत्र. गावचं घर दोघांच्या नावावर, त्याचे वासे बदलायचेत, कौलं उतरवायचीत. दर वेळी काय तुला सलालाहहून उचलून रत्नागिरीला नेऊ?"

"वाचते तरी."

"वाच की! बी.ए. झालीस ना, सख्ख्या भावाचा पेपर तपास."

सादिकची बायको झरीन आतून म्हणाली, "तपासू द्या, तपासू द्या. नायतर उद्या म्हणेल, भाभीने पट्टी पढवली."

सगळे हसले. गुलबानूही हसली आणि हसता हसता ओशाळली. आमच्याकडे भावाने पुढे केलेला कागद बहिणीने वाचणे म्हणजे भावाला चोर म्हणण्यासारखे. तरी तिने पेन उचलून एवढे विचारलेच, "पश्चिमेकडच्या खोलीला हात नाही ना लावणार?"

सादिकने माझ्याकडे बोट केले. "अगं तो बघ, पहारेकरी बसलाय. हारून आजोबांचा शब्द मोडायची टाप आहे का कोणाची?"

तिने मान वर करून मला वाचले. टेबलावरचा कागद वाचला नाही. आणि सुरेख, वळणदार सही केली. सुट्टी संपल्यावर दूतावासात जाऊन त्यावर शिक्काही मारून घेतला.

मी ओरडू शकलो असतो तर! पण कागदाला आवाज असतो तो वाचणाऱ्याचा.

पावसाळा सरल्यावर त्याच सहीच्या जोरावर घर विकले गेले. मला ते टेलिफोनवरून कळले. सादिक मित्राला सांगत होता, "अरे काय ठेवलंय त्या घरात? कौलांवर माकडं नाचतात. खलास करून टाकलं. मुंब्र्याला, कौसाला फ्लॅट बुक केलाय, दोन बेडरूम." ज्याने घर घेतले, त्याने गाडी लावायला जागा हवी म्हणून कुंपणाकडचे चारही माड तोडले. गुलबानूला कोणी सांगितले नाही. झरीन कधी म्हणे, "तिला कळवा हो." सादिक म्हणे, "सांगू ना आरामात. तिला कुठं तिथं राहायचंय? मजेत आहे ती सलालाहला."

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये गुलबानू मजेत नव्हती. तौहीदने दुसरा निकाह केला होता आणि हिला तलाक दिला होता. नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा नवऱ्याबरोबरच गेला. सलालाहच्या झिमझिम पावसातून बसने ती मस्कतच्या भट्टीत उतरली, तेव्हा तिच्या कडेवरच्या नुमानच्या अंगात अजून स्वेटर होता. तिचा हा मुलगा दोन वर्षांचा होता. ती माझ्या समोरच्या सोफ्यावर झोपू लागली. देश सोडायची मुदत पासपोर्टवर छापलेली होती.

ती बाई सारखी जागी असायची, मित्रांनो. मुलाच्या छातीत घरघर व्हायची म्हणून एसीच्या झोताच्या बाजूला स्वतः पाठ करून झोपायची. भिंतीतल्या प्लगच्या भोकांवर तिने चिकटपट्टी लावली. इस्त्री गार होईपर्यंत तिच्याजवळून हलायची नाही. आणि दिवसभर राबायची. तांदळाच्या भाकऱ्या, आमटी, कपडे, तस्नीमची वेणी. तस्नीम ही सादिक आणि झरीनची बारा वर्षांची एकुलती लेक.

झरीन वाईट होती असे मी म्हणणार नाही. तिने एकदाच विचारले, तेही सगळ्यांसमोर, हसून: "दुधाच्या पावडरचा डबा कोणी उघडला गं? झाकण नीट बसलं नाय." बस्स. त्या दिवसापासून गुलबानू विचारू लागली.

"भाभी, नुमानला थोडं दूध करू?"

"कर ना. विचारतेस काय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. "भाभी, एक भाकरी घेऊ? नुमानला भूक लागली."

शंभर वर्षांपूर्वी हारूनने जे पाहिले, ते मी काचेमागून पाहत होतो. माझ्या अंगावर स्पष्ट लिहिले होते: मागून खाऊ नये. आणि त्या अक्षरांच्या बरोबर खाली ती उभी राहून मागत होती.

याच सुमारास तस्नीमच्या शाळेत भाषणाची स्पर्धा निघाली. विषय, आपले पूर्वज. झरीन म्हणाली, "हारून आजोबांवरच बोल. टीचर लोक एकदम खूश." तस्नीमचे मराठी अडखळत चालायचे, म्हणून गुलबानूने तिला ओळ न् ओळ समजावली. नांगर दाखवला, बांगडी दाखवली. एका दुपारी, शुक्रवार होता, सादिक जुम्म्याची नमाज पढून आला होता. सगळे जेवायला बसले होते. तस्नीम कागद हातात घेऊन सराव करत मधेच थांबली.

"फुफी, वेट. मग ती रूम आता तुझी ना? रूलप्रमाणे?"

गुलबानूचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "हो गं. तिकडेच जाणार मी. झाडून घेते, चूल लिंपून घेते. मुलांच्या शिकवण्या घेईन. फक्त बावीवर जाळी टाकून घ्यायला हवी. नुमान फार वाकून बघतो."

सादिकच्या हातातला घास तसाच राहिला. झरीन हळूच म्हणाली, "सांगा आता. जाळीपर्यंत गेली ती."

"काय सांगा?" गुलबानू म्हणाली.

"गुलू, घर गेलं."

"पडलं?"

"विकलं."

"कधी?"

"तू सही केलीस ना, त्याच साली."

गुलबानू म्हणाली, "आणि खोली?"

"खोली काय हवेत ठेवणार होतो? घराबरोबर गेली." सादिकचा आवाज चढला, कारण दुसरे काही चढवण्यासारखे त्याच्याजवळ नव्हते. "तेव्हा तुझं सगळं ठीक होतं. मला काय स्वप्न पडलं होतं?"

"भाई, मी माझ्यासाठी नाही बोलत. ही तस्नीम समोर बसलीय. ही उद्या परत आली तर कुठं जाईल?"

"अल्लाह न करो! जिभेला काही हाड?"

"हारून आजोबापण अल्लाह न करो म्हणाले असतील," गुलबानू म्हणाली. "म्हणूनच मग लिहून ठेवलं."

तस्नीम एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत होती. तिने विचारले, "अब्बा, मग मी स्टेजवर काय बोलू?"

सादिक पाणी प्यायला. "जे लिहिलंय तेच बोल. हिस्टरी आहे ती."

तस्नीम तेच बोलली. तिला पहिले बक्षीस मिळाले. तो कप माझ्या खाली टीव्हीवर ठेवला आहे, अजूनही आहे.

जायच्या दिवशी गुलबानूने बॅग दाराशी ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भाई, हा कागद मला दे. घर नाही तर नाही, हा तरी."

सादिक नाही म्हणाला नाही. तो झरीनकडे बघू लागला. झरीन म्हणाली, "न्यायला काय, ने. पण भिंतीला डाग दिसेल गं. रंग काढून वर्ष पण नाय झालं."

गुलबानूने भिंतीकडे पाहिले. मग नुमानला कडेवर घेतले आणि म्हणाली, "राहू दे. डाग नको दिसायला."

मित्रांनो, अमीरुन्निसाला अक्षर येत नव्हते. तिने एक वाकडा गोल काढला आणि जन्मभर स्वतःच्या चुलीवर शिजवून खाल्ले. गुलबानू बी.ए. होती. ती आता रत्नागिरीत कोणाच्या तरी माडीवर भाड्याच्या खोलीत राहते, शिकवण्या घेते. घरमालक दर वर्षी खोली बदलायला लावतो. हे तस्नीम तिच्याशी फोनवर बोलते त्यावरून मला कळते. नुमानची छाती अजून भरून येते म्हणे.

आणि माझे? अंधारात मी शंभर वर्षे टिकलो. इथल्या खिडकीतले ऊन दुपारी माझ्या खालच्या अर्ध्या अंगावर पडते, आणि शाई उडत चालली आहे. फातिहाची ओळ आता मोडीत दिसतच नाही. नकलेत तेवढी उरली आहे. सादिकला त्याचे दुःख नसावे. पाहुण्यांना वाचून दाखवताना तो नेहमी भाकरीच्या वाक्याशी थांबतो आणि म्हणतो, "बघा, आमच्या घराण्यात लेकींना केवढा मान!"

दोन हजार नऊमध्ये तस्नीमला बघायला माणसे आली. मुलाचे आजोबा खाडीपलीकडच्याच गावचे होते, मस्कतला मुलाकडे आलेले. सादिकने त्यांना माझ्यापाशी आणले आणि नेहमीसारखे वाचले. भाकरीपाशी थांबला. तस्नीम सरबताचा ट्रे घेऊन उभी होती.

"अब्बा, पुढचं?"

"पुढं काय, जुन्या काळचं आहे काहीतरी."

"मी वाचते." तिने ट्रे टीव्हीवर, त्या कपाशेजारी ठेवला, आणि अडखळत, एकेक शब्द लावत वाचले: "ही खोली... कोणी विकू नये. गहाण... टाकू नये. जो हे मोडील, त्याणे माझे कबरीवर फातिहा पढू नये."

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला. "वा. असं लिहिणारा माणूस पाहिजे. मग ती खोली आहे ना अजून, सादिकमियाँ?"

झरीन म्हणाली, "सरबत घ्या ना. गरम होईल."

लग्न ठरले. असल्या प्रश्नावर लग्ने मोडत नाहीत. पाहुणे गेल्यावर सादिक चिडला. "लोकांसमोर बापाची इज्जत काढायची होती?" तस्नीम ग्लास उचलत म्हणाली, "नाही अब्बा. मला माझी रूम कुठंय ते विचारायचं होतं." सादिकने टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझ्यासारखा एखादा कागद असेल. त्याला कसर लागू देऊ नका, उन्हात टांगू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी तुमच्या सोफ्यावर कोण झोपते ते बघा. दुधाचा डबा उघडण्याआधी घरात कोण विचारते, ते बघा. ती जर घरची लेक असेल, तर तिने विचारायच्या आत डबा तिच्या हातात द्या. आणि कोणी तुमच्यापुढे सहीसाठी कागद सरकवला, तो सख्खा भाऊ असला तरी, तो हसला तरी, सगळे हसले तरी, बसून पूर्ण वाचा. भिंतीकडे बघू नका. भिंतीवरचे आम्ही काही करू शकत नाही.

दर वर्षी रमजानच्या आधी सादिक सुट्टी काढून गावी जातो. घर नाही, म्हणून लॉजवर उतरतो. नवे कपडे घालून कबरस्तानात जातो, हारूनच्या कबरीपाशी उभा राहतो, असे तो परत आल्यावर सांगतो.

तो हात उचलतो की नुसताच उभा राहून परत येतो, हे अजून त्याला कोणी विचारलेले नाही. एकटी तस्नीम दर वेळी त्याच्या हातांकडे बघते.